‘शूटर’: गोळीचा हिशोब चोख, गावाचा हिशोब उधार

मार्क वॉलबर्गचा ‘शूटर’ २००७ साली आला, तरी फौजी, सूड आणि सत्तेतला कट असं तिन्ही एकत्र हवं असणाऱ्याला आजही तो बिनधास्त सुचवता येतो. दोन तास चार मिनिटांतला पहिला तास अव्वल आहे. दुसरा तास वेगवान आहे, पण त्यात सिनेमाने स्वतःच उभा केलेला सर्वांत मोठा प्रश्न हातातून सोडून दिलाय. त्या प्रश्नाकडे मराठवाड्यातल्या प्रेक्षकाचं लक्ष जास्त जाईल, असं मला वाटतं. त्यावर पुढे बोलू.

कथा थोडक्यात अशी. बॉब ली स्वॅगर हा अमेरिकी मरीन दलातला गनरी सार्जंट आणि अव्वल स्नायपर. इथिओपियातल्या एका गुप्त मोहिमेत तो आणि त्याचा जोडीदार डॉनी फेन डोंगरकड्यावरून माघारी येणाऱ्या एका तुकडीला संरक्षण देत असतात. मामला अंगाशी येतोय असं दिसताच वरचे लोक रेडिओचा संपर्क तोडतात आणि दोघांना वाऱ्यावर सोडतात. डॉनी हेलिकॉप्टरच्या गोळीबारात मरतो. तीन वर्षांनी, डोंगरात कुत्र्यासोबत एकटा राहणाऱ्या स्वॅगरकडे निवृत्त कर्नल आयझॅक जॉन्सन येतो. राष्ट्राध्यक्षांवर मैलाहून लांबून गोळी झाडण्याचा बेत शिजतोय, तू स्नायपरच्या डोक्याने विचार करून ती जागा शोधून दे, असं सांगतो. स्वॅगर जागा शोधून देतो. गोळी सुटते, मरतात मात्र शेजारी उभे असलेले इथिओपियाचे आर्चबिशप, आणि खुनी म्हणून जगापुढे येतो तो स्वॅगर.

दिग्दर्शक अँट्वान फुक्वा. मूळ कादंबरी स्टीफन हंटर यांची, १९९३ ची. कादंबरीतला स्वॅगर व्हिएतनाम युद्धातला, गोळी सुटते न्यू ऑर्लिन्समध्ये आणि मरतात एल साल्वाडोरचे आर्चबिशप. सिनेमाने काळ पुढे आणला, घटना फिलाडेल्फियात नेली आणि कटाचं मूळ आफ्रिकेतल्या तेलात शोधलं. इराक युद्ध चालू असताना हा सिनेमा पडद्यावर आला हे लक्षात ठेवून पाहिलं, तर त्यातली चीड कुठून येते ते कळतं.

आता पहिल्या तासाबद्दल, कारण खरी मेहनत तिथेच आहे. वॉलबर्गला या भूमिकेसाठी एका माजी मरीन स्नायपरने शिकवलं होतं आणि ते त्याच्या देहबोलीत दिसतं. ट्रिगरवर बोट अलगद दाबणं, अर्धा श्वास सोडून थांबणं, झाडल्यावरही डोळा दुर्बिणीवरून न हलवणं, हे सगळं नीट जमलंय. आपल्याकडच्या बहुतेक ॲक्शनपटांत हिरो गोळी झाडली की मान वर करतो. इथे तसं होत नाही, कारण गोळी कुठे पडली हे पाहिल्याशिवाय दुसरी गोळी सुधारता येत नाही.

स्नायपर एकटा नसतो, ही गोष्ट सिनेमाने पहिल्या दहा मिनिटांतच पटवलीये. झाडणाऱ्याला बंदुकीचा धक्का बसतो, त्या क्षणी दुर्बिणीतलं चित्र हलतं. शेजारी वेगळ्या दुर्बिणीतून पाहणारा जोडीदार गोळीमागे हवेत उठणारी लहर पाहतो आणि ‘डावीकडे एवढं, वर एवढं’ असं सांगतो. अंतर काढणं, वारा वाचणं, आकडे सांगणं हे त्याचं काम. डॉनी आणि स्वॅगरच्या थट्टामस्करीतून हे कळत जातं, म्हणून डॉनी गेल्यावर स्वॅगरचा अर्धा हिस्सा गेला हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढे अननुभवी एफबीआय एजंट निक मेम्फिस त्या रिकाम्या जागी हळूहळू येतो, शिकतो. सिनेमातलं सर्वांत समाधान देणारं नातं हेच आहे. मायकेल पेन्याने हा निक फार छान केलाय: घाबरलेला, पण डोकं चालू ठेवलेला. एवढा पट्टीचा नेमबाज राष्ट्राध्यक्षांना सोडून शेजारच्याला कसा मारेल, हा साधा प्रश्न पहिल्यांदा त्याच्याच डोक्यात येतो.

कर्नलसाठी जागा शोधण्याचा भाग दोनदा पाहावा असा आहे. संवादांत आर्द्रता, वारा, पृथ्वीचं फिरणं असे शब्द भराभर येऊन जातात. ते दिखाऊ नाहीत, हिशोब करून पाहिला तर जुळतात. सिनेमात दिसणारी चेयटॅक एम २०० रायफल .४०८ कॅलिबरची, म्हणजे तिच्या गोळीची जाडी ०.४०८ इंच. तिच्या गोळीला एक मैल, म्हणजे १६०९ मीटर कापायला साधारण अडीच सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला २५ मीटरहून खाली ओढतं, म्हणजे नेम आठ मजली इमारतीएवढा वर धरावा लागतो. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा असेल तर गोळी दोन-तीन मीटर बाजूला जाते. आणि अडीच सेकंदांत साध्या चालीने चालणारा माणूसही साडेतीन मीटर पुढे सरकतो. म्हणून स्वॅगर चालत्या माणसाचा विचारच करत नाही, तो भाषणाचं व्यासपीठ शोधतो. माणूस जिथे उभा राहणार, तिथेच मैलावरची गोळी शक्य आहे. वॉशिंग्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया यांतून तो एकच शहर का निवडतो, ते या हिशोबातून आपल्यालाही सांगता येतं.

पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा अनेकांना थापेबाजी वाटतो. तो खरा आहे, फक्त छोटा आहे. उत्तर गोलार्धात गोळी उजवीकडे सरकते आणि हे सरकणं अक्षांशावर अवलंबून असतं. फिलाडेल्फिया ४० अंशांवर आहे, तिथे मैलभर अंतरात अडीच सेकंदांसाठी ते साधारण १९ सेंटिमीटर निघतं. छत्रपती संभाजीनगर २० अंशांच्या जरा खाली, इथे तेच १० सेंटिमीटरच्या आसपास राहील. दुर्बिणीवर नेम सरकवणारी खुंटी दर टिचकीला, म्हणजे दर टप्प्याला, ०.१ मिलिरेडियनने (हे कोनाचं छोटं माप) फिरत असेल तर मैलावर एक टिचकी म्हणजे १६ सेंटिमीटर. थोडक्यात, फिलाडेल्फियात त्यासाठी एक टिचकी फिरवावी लागेल, आपल्याकडे अर्ध्याहून थोडी जास्त. वारा चुकीचा वाचला तर चूक मीटरात जाते. त्यामुळे स्वॅगर वाऱ्यावर एवढा वेळ घालवतो ते योग्यच आहे. संभाजीनगरात १९७७ पासून चालू असलेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत किंवा कुठल्याही क्लासात एनडीएची तयारी करणाऱ्या मुलाने हा भाग प्रोजेक्टाइल मोशनच्या धड्याशेजारी वही ठेवून पाहावा. गोळी किती खाली पडते ते सांगणारं ½gt² हे सूत्र पुन्हा विसरणार नाही.

उन्हाचाही हिशोब आहे. एप्रिलमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ वर गेला की हवा विरळ होते आणि गोळीला अडथळा कमी होतो, त्यामुळे थंडीत बसवलेला नेम उन्हाळ्यात वर लागतो. दुपारी डांबरी रस्त्यावर किंवा काळ्या रानावर जे मृगजळ थरथरतं, ते दुर्बिणीतून आणखी मोठं दिसतं. नवख्याला ते अडचण वाटतं. जाणकार त्याच थरथरीचा कल पाहून वारा कुठून वाहतोय ते ओळखतो: लाटा सरळ वर उठत असतील तर वारा नाही, तिरप्या असतील तर वारा त्या बाजूला वाहतोय. सुरुवातीच्या प्रसंगात इथिओपिया म्हणून जो उघडाबोडका, पिवळट मुलूख दिसतो तो चित्रित झालाय कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, पण पीटर मेन्झीस यांच्या कॅमेऱ्याने ऊन आणि अंतर असं पकडलंय की शंका येत नाही. शेवटी बर्फाच्या पठारावरचा जो सामना आहे, त्यातही अंतराची हीच जाण टिकून राहते. कोण कुठे आहे आणि कोणाला कोण दिसतंय, हे प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी कळतं. ॲक्शनपटाला यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

आवाजाचं कामही नीट झालंय. गोळी आवाजाच्या अडीचपटीहून जास्त वेगाने सुटते. मैलावर झाडल्याचा आवाज पोहोचायला साधारण पावणेपाच सेकंद लागतात आणि गोळी अडीच सेकंदांत येते. म्हणजे माणूस आधी कोसळतो, बंदूक नंतर ऐकू येते, आणि इमारतींवर आदळून आलेल्या आवाजावरून दिशा काढणं जवळजवळ अशक्य होतं. कट शिजवणाऱ्यांचा सगळा डाव या दोन सेकंदांच्या फटीवर उभा आहे. तेवढ्यात एक तयार खुनी लोकांसमोर उभा केला की झालं.

इथून पुढे कथेतले पेच उघड होतात. कोऱ्या पाटीने पाहायचं असेल त्यांनी थेट शेवटचे परिच्छेद वाचावेत.

पळालेल्या, जखमी स्वॅगरने दुकानातल्या किरकोळ वस्तूंवर स्वतःचा इलाज करणं हा सिनेमातला सर्वांत जास्त चर्चेत राहिलेला भाग. जखमेत साखर भरण्याला थोडा आधार आहे. साखर पाणी शोषून घेते आणि जंतूंना वाढायला ओलावा मिळत नाही, हे जुन्या वैद्यकातही माहीत होतं. पण घरच्या घरी मीठ-साखर पाण्यात कालवून शिरेतून चढवणं मात्र जीवघेणं आहे, आणि हे इथे ठासून सांगणं गरजेचं आहे. आपल्याकडे अशक्तपणा आला की ‘एक सलाईन लावा’ म्हणायची सवय आहे, त्यामुळे हे दृश्य सोपं वाटू शकतं. सलाईनमध्ये लिटरमागे बरोबर ९ ग्रॅम मीठ असतं आणि ते निर्जंतुक केलेलं असतं. प्रमाण चुकलं तर रक्तातल्या पेशी फुटतात किंवा आकसतात, पाण्यात जंतू असतील तर ते थेट रक्तात पसरतात. तोंडाने घ्यायचं मीठ-साखरेचं पाणी वेगळं आणि शिरेतलं वेगळं. पडद्यावर ते थरारक दिसतं, तेवढंच पुरे.

पुराव्याचा भाग मला फार आवडला. टेनेसीतल्या म्हाताऱ्या बंदूकतज्ज्ञाच्या एका छोट्याशा प्रसंगात लेव्हॉन हेल्मने जीव ओतलाय. स्वॅगरच्या रायफलचे वळ गोळीवर कसे आले याचं कोडं तिथे सुटतं. प्रत्येक नळीच्या आतल्या पिळाचे ओरखडे गोळीवर उमटतात आणि प्रयोगशाळा त्यांवरून बंदूक ओळखते. आधी त्याच्याच बंदुकीतून झाडलेली गोळी मिळवायची, ती कागदात गुंडाळून थोड्या मोठ्या नळीतून पुन्हा झाडायची. नव्या नळीचा पिळ कागदाला पकडतो, गोळीवर जुनेच वळ राहतात. शिशाच्या गोळीला कागद गुंडाळणं ही फार जुनी पद्धत आहे, त्यामुळे युक्ती हवेतून काढलेली वाटत नाही. म्हातारा ती सांगतो तेव्हा स्वॅगर आणि निकसोबत आपणही शिकतो.

शेवटचा खुलासाही यंत्राच्याच भाषेतला आहे. स्वॅगर घर सोडताना आपल्या सगळ्या बंदुकांच्या फायरिंग पिन बदलून किंचित आखूड पिन बसवतो. पिनेचं टोक बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत बंद करणाऱ्या दांड्याच्या, तोंडाबाहेर दीड मिलिमीटरच्या आसपास यावं लागतं, तरच काडतुसाच्या बुडातल्या प्राइमरला खड्डा पडतो आणि बार उडतो. ती आखूड असेल तर चाप दाबल्यावर नुसता ‘खट्’ आवाज होतो. बघणाऱ्याला बंदूक धडधाकट दिसते. ॲटर्नी जनरलसमोर तो भरलेली रायफल कर्नलवर रोखून चाप ओढतो तो क्षण म्हणूनच जमून आलाय. एक शंका मात्र राहते. खुनाचं हत्यार म्हणून जप्त केलेली रायफल प्रयोगशाळेत आली की ती चालते का, हे झाडून पाहणं ही पहिल्या पायऱ्यांपैकी एक आहे. राष्ट्राध्यक्षांच्या व्यासपीठावरचा खून आणि कोणी एक काडतूसही लावून पाहिलं नाही, यावरून सिनेमा फार घाईत पुढे जातो.

त्याहून मोठी गफलत कायद्याची आहे. स्वॅगर निर्दोष ठरतो, पण कर्नलला सोडावं लागतं, कारण गुन्हा आफ्रिकेत घडला आणि तो अमेरिकी न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असं सांगितलं जातं. मग सूड घेण्याची वाट मोकळी. प्रत्यक्षात अमेरिकेत १९९६ पासून युद्धगुन्ह्यांचा कायदा आहे, तो अमेरिकी नागरिकाने परदेशात केलेल्या अशा गुन्ह्यांनाही लागू होतो. भारतातही नागरिकाने परदेशात केलेला गुन्हा इथे चालवता येतो: भारतीय दंड संहितेच्या कलम ४ मध्ये हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तत्त्व तेच आहे. पुरावा मिळत नाही किंवा खटला चालवण्याची इच्छा नाही, असं म्हटलं असतं तर ते जास्त खरं आणि जास्त भयानक वाटलं असतं. कायदाच नाही असं म्हणून लेखकाने स्वॅगरच्या हाती बंदूक देणं सोपं करून घेतलंय.

आता तो उधार राहिलेला हिशोब. डॉनी ज्या मोहिमेत मेला ती कशासाठी होती? तेलाची पाइपलाइन न्यायची होती, वाटेत गाव होतं, ते अख्खं गाव मारून टाकलं गेलं आणि स्वॅगर-डॉनी नकळत त्याच मारेकऱ्यांच्या माघारीला संरक्षण देत होते. आर्चबिशप हेच बोलणार होते, म्हणून त्यांचा जीव गेला. कल्पना जबरदस्त आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो फौजी स्वतः एका मोठ्या अन्यायाचं हत्यार झाला होता, हे कळल्यावर माणूस हादरून जायला हवा. सिनेमात हे सगळं एका म्हाताऱ्या मारेकऱ्याच्या तोंडून दोन-तीन मिनिटांत सांगून होतं. रादे शेर्बेजियाने ते थंडपणे सांगितलंय, अंगावर येतं. पण त्यानंतर लगेच गोळीबार सुरू होतो आणि ते गाव पुन्हा कधी येत नाही. एकही चेहरा दिसत नाही, गावाचं नावही नाही, वाचलेलं कोणी नाही.

समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला तेव्हा मोजणीच्या खुणा, सातबारावरच्या नोंदी, मोबदल्याचे दर यांवर गावोगाव किती बैठका झाल्या, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. २०१३ चा भूसंपादन कायदा संमती, मोबदला, पुनर्वसन यांबद्दल पानंच्या पानं का भरतो, तेही आपण जाणतो. वरून आखलेली रेघ कोणाच्या तरी रानातून जाते आणि त्या रानाला धनी असतो, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणून ‘पाइपलाइनच्या आड आलेलं गाव’ हे शब्द कानावर पडताच आपण सावरून बसतो आणि सिनेमा मात्र पुढच्या स्फोटाकडे धावतो. स्वॅगरचा राग डॉनीसाठी आहे, कुत्र्यासाठी आहे, स्वतःच्या बदनामीसाठी आहे, आणि तो सगळा खरा आहे. गावासाठीचा राग त्याच्या तोंडी येतो, पण वागण्यात दिसत नाही. एक प्रसंग, फक्त एक, स्वॅगरला त्या गावाशी समोरासमोर आणणारा हवा होता. सिनेटर मीचमच्या भूमिकेत नेड बीटी आणि कर्नल झालेला डॅनी ग्लोव्हर हे सत्तेचा माज उत्तम दाखवतात, पण त्या माजाची किंमत कोणी मोजली हे न दिसल्यामुळे शेवटचा सूड हिशोब चुकता झाल्याचं समाधान देत नाही.

डॉनीची विधवा सारा, म्हणजे केट मारा, हिला पहिल्या भागात स्वतःचं घर, शिक्षिकेची नोकरी, स्वतःचं दुःख आहे. जखमी स्वॅगरला घरात घ्यायचं की नाही हे ती ठरवते ते दृश्य चांगलं आहे. नंतर तिचं अपहरण होतं आणि ती ओलीस म्हणून उरते. शेवटी तिच्या हातात बंदूक येते खरी, पण तोवर उशीर झालेला असतो.

पाहण्याआधी काही गोष्टी. अमेरिकेत याला ‘आर’ मानांकन होतं, म्हणजे १७ वर्षांखालील मुलांनी मोठ्यांसोबतच पाहावा. रक्तपातापेक्षा जास्त त्रास देणारा प्रसंग आहे तो निकला बांधून, त्याच्याच हाताने आत्महत्या घडवल्याचा देखावा करण्याचा. मुलं सोबत असतील तर तो भाग पुढे ढकला. शक्यतो इंग्रजीत, उपशीर्षकं लावून पाहा. अंतर, वारा, खुंटीचे आकडे जोडीदार भराभर बोलतो आणि त्यांतलं अर्धं नुसत्या कानांनी निसटतं. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर पाहत असाल तर ध्वनीच्या पर्यायांत ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा, नाहीतर संवाद दबतात आणि स्फोट कान फाडतात. मोबाइलवर दुपारी पाहू नका. सुरुवातीचा डोंगरावरचा आणि शेवटचा बर्फावरचा प्रसंग लहानशा ठिपक्यांवर चालतो, ते उजेडात दिसत नाहीत.

एचडीत तासाला साधारण ३ जीबी डेटा जातो, म्हणजे सिनेमाला ६ जीबीच्या वर. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर मध्येच चित्र खराब होणार. त्यापेक्षा वायफाय असेल तिथे साध्या दर्जात उतरवून ठेवावा, दोनेक जीबीत भागतं आणि वीज गेली तरी मोबाइलवर थांबत नाही. भाड्याने घेतला तर बहुतेक ठिकाणी एकदा सुरू केल्यावर ४८ तासांत संपवावा लागतो, म्हणून मोकळ्या रात्रीच सुरू करा.

याच कथेवर २०१६ ते २०१८ या काळात तीन सीझनची मालिकाही झाली, रायन फिलिपी स्वॅगरच्या भूमिकेत. जुलै २०१६ मध्ये डॅलस शहरात पोलिसांवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर तिचं प्रसारण पुढे ढकललं होतं, ती नोव्हेंबरमध्ये आली. मालिकेला वेळ भरपूर आहे, त्यामुळे कुटुंब आणि तपास दोन्ही सविस्तर येतात, पण वारा आणि अंतर वाचण्याची ती शिस्त मालिकेत पातळ झालीये. आधी सिनेमा पाहावा, आणि तो आवडला तर मालिकेचा पहिला सीझन तेवढा घ्यावा.